आधी खूण सांगा

बसडेपोच्या मागच्या अंगाला, जुन्या टायरांच्या ढिगापलीकडे एक खोली होती. दारावर 'हरवले-सापडले' अशी पाटी आणि खिडकीत एक बाई. ड्रायव्हर-कंडक्टर मंडळी तिला तोंडावर ताई म्हणत आणि पाठ वळली की सापडलंबाई. तिला ते ठाऊक होतं. पण दिवसभर लोकांच्या विसरभोळेपणाचा पसारा सांभाळायचा म्हणजे कातडी जरा जाड लागतेच, तेव्हा तिने ते कधी मनावर घेतलं नाही.

काय काय येई त्या खोलीत! छत्र्यांचं तर विचारूच नका. जेवणाचे डबे, एकेकटे हातमोजे, एकदा पाण्याच्या बाटलीत घातलेली दातांची कवळी, आणि एकदा एक कुबडी. तो माणूस कुबडीशिवाय बसमधून उतरला कसा, हे कोडं तिला आजतागायत सुटलेलं नाही. वस्तू आली की वहीत नंबर, तारीख, वर्णन, खूण. पुढचे दोन रकाने मोकळे राहत: 'कोणी ओळखली' आणि 'सही'. कुणी वस्तू मागायला आलं, की ती मान वर न करता म्हणे, "आधी खूण सांगा."

सगळं खातं या तीन शब्दांवर चालायचं. काळी छत्री कुणीही सांगतो. काळी छत्री ही खूण नव्हे. मूठ कसली, काडी कुठली वाकलेली, कापडाला ठिगळ आहे का, हे विचारलं की निम्मे लोक खिडकीवरूनच परत फिरत. खऱ्या मालकाला मात्र वस्तूची एक तरी अशी खूण माहीत असते, जी दुसऱ्या कुणाच्या डोळ्याला दिसत नाही. हे तिला तिच्या आधीच्या म्हाताऱ्या कारकुनाने शिकवलं होतं. त्याचा आणखी एक नियम होता. वहीत खाडाखोड करायची नाही. चूक झाली तर ओळ तशीच ठेवायची आणि दुरुस्तीची चिठ्ठी लिहून खणात टाकायची.

नवी होती तेव्हा तिला हा निव्वळ म्हातारचळ वाटला होता. मग एके दिवशी कडक इस्त्रीतला एक गृहस्थ छत्री मागायला आला. "लाकडी मूठ, टोकाशी वाकलेली," तो ठामपणे म्हणाला. वहीत अगदी तेच लिहिलेलं होतं. छत्री द्यायला ती उठणार, तोच म्हाताऱ्याने तिचा पदर ओढला. मूठ शिंगाची होती. घाईत तिनेच ती लाकडी लिहिली होती आणि म्हाताऱ्याने दुरुस्तीची चिठ्ठी लिहून खणात टाकली होती. गृहस्थाने खिडकीपलीकडून उलटी वही वाचली होती. "हा छत्री सांगत नाहीये," म्हातारा तिच्या कानाशी पुटपुटला, "हा वही सांगतोय." त्या दिवसापासून तिने चिठ्ठीचा नियम कधी मोडला नाही.

आता घरची गोष्ट. घरी तिची दुसरी वही होती. डेपोतलीच, जुन्या छापाची, रकानेही तेच. त्या वहीत ती स्वप्नं नोंदवायची.

हे खूळ नव्हतं, आणि असलंच तर त्यामागे कारण होतं. चार वर्षांपूर्वी तिचा नवरा कामावर पोचला आणि तिथल्या जिन्यात कोसळला. हातातली बॅग उघडली आणि डबा, किल्ल्या, कागद पायऱ्यांवर विखुरले. सामान घरी आणून देणाऱ्याने ते जसं होतं तसं सांगितलं. जिन्यात उघडी पडलेली बॅग तिने आधी पाहिली होती. दोन-तीन दिवसांपूर्वी, पहाटेच्या स्वप्नात. की पाहिली नव्हती? ऐकल्यावर मनाने मागाहून रचलं? तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, कुठे लिहिलं नव्हतं. एवढ्या पुराव्यावर तिने खिडकीतून कुणाला मोजासुद्धा दिला नसता. पण रात्रंदिवस तेच डोक्यात. आपल्याला खूण मिळाली होती आणि आपण चहा ठेवायला उठलो.

म्हणून वही. डोळा उघडला की तोंड धुण्याआधी लिहायचं. वर्णन लिहायचं, अर्थ लिहायचा नाही. 'काहीतरी वाईट होणार असं वाटलं' असली नोंद चालणार नाही, ती काळी छत्री. एखादी घटना स्वप्नाशी जुळली तर निदान तीन खुणा जुळल्या पाहिजेत, त्यातली एक तरी चमत्कारिक. तरच 'कोणी ओळखली'चा रकाना भरायचा. अशी तिची शिस्त. पहिली ओळ तिने कोरी सोडली होती. त्या बॅगेची ती जागा होती आणि ती भरायचा तिला अधिकार नव्हता, असं तिचं म्हणणं. कुणाला बोलून दाखवलेलं नाही, पण म्हणणं.

चार वर्षांत चौऱ्याण्णव स्वप्नं झाली. बहुतेक बेवारस. डेपोचे मॅनेजर घोड्यावर बसून हजेरी घेतायत, असली स्वप्नं कोण सोडवायला येणार? पण अकरा जुळली होती, आणि कशी! गॅलरीच्या तारेला अडकलेला पिवळा फुगा. साखरेच्या डब्यात तीन बटणं. मोरीत उघडून ठेवलेली छत्री. शेजारच्या मांजरीच्या गळ्यात लाल फीत. अकरांमध्ये एकही मोठी गोष्ट नव्हती, हे खरं. पण खुणा चोख होत्या, आणि संध्याकाळी घरी येताना जिना चढतानाच तिची नजर भिरभिरू लागे. आज काही सापडतंय का?

घरात ती आणि सासरे, दोघंच. सासरे म्हणजे मामंजी. चाळीस वर्षं एका नाटक मंडळीत सामान लावायचं काम केलेला माणूस. पडदा वर जायच्या आधी टेबल कुठे, पत्र कुठल्या खणात, पेल्यात पाणी किती, सगळं यादीबरहुकूम. नट वाक्य विसरले, पण मामंजींची मेणबत्ती कधी चुकली नाही, असं ते स्वतःच सांगत आणि दर वेळी नव्याने सांगत. सून डेपोत गेली की खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत बसून रस्ता बघायचा, पेपर वाचायचा, निळ्या कपातून चार वेळा चहा प्यायचा. नाकावर चष्मा, त्याच्या डाव्या काडीला पांढरा दोरा गुंडाळलेला. मामंजी मोडलेल्या कुठल्याही वस्तूला दोराच गुंडाळत. स्वप्नांच्या वहीवरून ते तिची यथेच्छ टिंगल करीत. "काय सूनबाई, आज काय जमा झालं? माझ्या स्वप्नात मी धाप न लागता जिना चढलो. तेवढं एक जुळव बघू."

धाप हीच भानगड होती. हृदयाची एक झडप नीट उघडत नव्हती. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून समजावलं, ऑपरेशन करायला हवं म्हणाल्या. नाही केलं तर? बाई म्हणाल्या, "एखादं वर्ष. कदाचित तेवढंही नाही." शुक्रवारची तारीख ठरली. नातेवाइकाच्या सहीचा कागद तिने घरी आणून घड्याळामागे खोचला. बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. नातेवाईक म्हणून या जगात त्यांना तीच होती, आणि तिला ते.

आणि रविवारी सकाळी तिला चौऱ्याण्णवावं स्वप्न पडलं.

खिडकीजवळ खुर्ची, रिकामी. बैठकीवर घडी घातलेला चष्मा, काडीला दोरा. शेजारच्या स्टुलावर पालथा पेला. सकाळचा उजेड. माणूस नाही.

तोंड धुण्याआधी तिने ते लिहिलं. डेपोत पोचल्यावर दुपारी तिच्या लक्षात आलं, की स्वप्नात काचेचा पेला होता आणि आपण वहीत 'निळा कप' लिहिलं. मामंजींची खुर्ची म्हटल्यावर हाताने सवयीने कप लिहून टाकला होता. नियम म्हणजे नियम. तिने दुरुस्तीची चिठ्ठी केली, 'काचेचा पेला वाचावे', आणि डेपोतल्या खणात टाकली. मग बराच वेळ ती त्या बंद खणाकडे बघत बसली.

वाचणाऱ्याला वाटेल, इतकी शहाणी बाई, एका स्वप्नाने काय घाबरायचं? पण तिच्या जागी बसून बघा. अकरा वेळा वही खरी ठरली होती. एकदा तिने ऐकलं नव्हतं, तर नवरा गेला होता. आता पुन्हा खूण आली होती, या वेळी लेखी, तारखेसकट. सही करायची म्हणजे त्या रिकाम्या खुर्चीवर आपल्या हाताने सही करायची. न करायची म्हणजे हा माणूस डोळ्यांदेखत जिन्याच्या एकेका पायरीवर हरताना बघायचा. तिला अन्न गोड लागेना.

सोमवारी ती म्हणाली, "मामंजी, त्या डॉक्टरीणबाई वयाने अगदीच लहान वाटतात, नाही?"

"हात लहान असले म्हणजे झालं," मामंजी म्हणाले. "झडप काही कोठाराचं दार नव्हे."

मंगळवारी ती म्हणाली, "हवा बदलली की करू या का? घाई काय आहे?"

मामंजींनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, त्यामागच्या कागदाकडे. "तू म्हणशील तसं," म्हणाले. मामंजींनी वाद न घालणं म्हणजे दुखणं बळावल्याचं लक्षण, असं वाटून ती आणखीच धास्तावली.

बुधवारी डेपोतून निघताना तिचं ठरलं होतं. दवाखान्याला नाही म्हणून कळवायचं. ती जिना चढली, दार लोटलं आणि जागच्या जागी थिजली.

खिडकीजवळची खुर्ची रिकामी होती. बैठकीवर घडी घातलेला चष्मा होता. शेजारच्या स्टुलावर निळा कप पालथा होता.

"मामंजी!" तिच्या तोंडून किंकाळीच निघाली.

"अगं, ओरडतेस कशाला?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "वाटाणे सोलतोय!"

ती धावत आत गेली. मामंजी फरशीवर फतकल मारून बसले होते. मांडीवर ताट. चष्म्याशिवाय त्यांना धड दिसत नव्हतं, त्यामुळे निम्मे वाटाणे टरफलांत आणि निम्मी टरफलं वाटाण्यांत जात होती. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली, आधी हसली, मग तिला रडू फुटलं.

"काय झालं? भूत पाहिलंस?"

"खुर्ची... तुमची खुर्ची रिकामी होती."

"मग? चोवीस तास तिथेच बसू? पाठ अवघडली, म्हटलं जरा कामाला हात लावावा." मामंजी टरफल निरखत बसले. "होते कधीमधी खुर्ची रिकामी. त्याचं एवढं काय?"

तिच्या छातीवरचा दगड उतरला. स्वप्न खरं झालं होतं! खुर्ची, चष्मा, पालथा कप, आणि माणूस आत वाटाणे सोलत होता. एवढाच त्याचा अर्थ. तिने फळीवरून वही काढली, ओट्यावरच उघडली आणि चौऱ्याण्णवाव्या ओळीवर पेन टेकवलं. खुणा ताडून बघायची सवय होती म्हणून बघू लागली. खिडकी, बरोबर. चष्मा, बरोबर. निळा कप...

पेन थांबलं.

स्वप्नात निळा कप नव्हताच. काचेचा पेला होता. निळा कप जगात एकाच ठिकाणी होता, या वहीत. चिठ्ठी डेपोच्या खणात होती.

तिला त्या इस्त्रीवाल्या गृहस्थाचा ठाम आवाज आठवला. तिने सावकाश मागची पानं उलटली. अकराच्या अकरा नोंदी घरातल्या किंवा जिन्यातल्या. डेपोतली एक नाही, रस्त्यातली एक नाही. साखरेच्या डब्यातली बटणं मामंजींच्या जुन्या कोटाची होती. मांजरीच्या फितीच्या आठवड्यात मामंजींच्या मनगटाला ओरखडे होते, आणि खिळा लागला म्हणून तिनेच मलम लावून दिलं होतं.

"मामंजी," ती वळून म्हणाली. "तुम्ही स्वप्न लावलं नाहीत. तुम्ही वही लावलीत."

वाटाणे सोलणारे हात थांबले. नाटकात वाटेल ते सोंग सजवून दिलेला हा माणूस, पण त्याला स्वतःला सोंग आणता येत नव्हतं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"कप चुकला?" त्यांनी विचारलं.

"पेला होता. काचेचा. मी लिहिताना चुकले."

"यादीत कप होता." मामंजींना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "यादीत असेल तेच लावायचं, चाळीस वर्षं तेच केलं. मला काय ठाऊक यादीच चुकलीय!"

ती त्यांच्यासमोर फरशीवर बसली. तिला राग आला होता. खूप आला होता. चार वर्षं ज्यावर भरवसा ठेवला तो असा डब्यात बटणं टाकून रचलेला! "का पण? मला वेड्यात काढायला?"

"फुगा मी नव्हता लावला," मामंजी घाईने म्हणाले. "तो आपला उडत आला. कुणाच्या तरी घरी वाढदिवस असेल. पण तू तो पाहिलास आणि हसलीस. माझा मुलगा जाऊन आठ महिने झाले होते, सूनबाई. आठ महिन्यांत तू पहिल्यांदा हसलीस. त्याआधी तू घरी यायचीस आणि भिंतीकडे बघत बसायचीस. फुग्यानंतर तू घरी आलीस की इकडंतिकडं बघायला लागलीस. मी म्हटलं, एवढंच लागतंय ना? तेवढं मला येतं."

तिने ताटातली एक शेंग उचलून सोलली.

"मग रविवारची नोंद वाचली. आणि तुझं सुरू झालं, डॉक्टरीण लहान आहे, हवा बदलू दे. म्हटलं, माझंच अंगाशी आलं. मीच हिला पटवलं की वही खरी होते. आता हीही खरी करून टाकावी, साधीशी, घरातल्या घरात. म्हणजे तुझ्या मनातून जाईल." त्यांनी हातातलं टरफल खाली ठेवलं. "मला जगायचंय गं. तू नाही म्हणशील म्हणून घाबरलो होतो. तुला सरळ सांगायची लाज वाटली."

बराच वेळ दोघं टरफलं आणि वाटाणे वेगळे करीत बसले. काम हातात असलं की बोलणं सोपं जातं. मग मामंजींनी विचारलं, "पहिली ओळ कोरी का गं? मी नेहमी बघतो."

आणि तिने सांगितलं. चार वर्षांत कुणालाही न सांगितलेलं, बॅगेचं. उघडी बॅग, पायऱ्या, किल्ल्या. आपल्याला आधी दिसलं होतं आणि आपण गप्प राहिलो, हेही सांगितलं.

मामंजी म्हणाले, "अगं, त्या बॅगेचं बक्कल दोन महिने तुटलेलं होतं. कुठेही उघडायची. मीच दोरा बांधून दिला होता, तर त्याला लाज वाटली, काढून टाकला. तो गेला त्याच्या चारच दिवस आधी आपल्याच जिन्यात उघडली. मी डबा धरला, तो किल्ल्या गोळा करीत होता. आणि तू वर दारात उभी राहून हसत होतीस. आठवत नाही?"

तिला आठवलं. चौथ्या पायरीवर पडलेली कंगवी आठवली. वर मान करून तो म्हणाला होता, हसतेस काय, खाली ये. आणि ती गेली नव्हती, कारण चहा उतू जात होता.

"ते तू आधी पाहिलंस ते खरंच," मामंजी म्हणाले. "पण जागेपणी पाहिलंस. मग स्वप्नात आलं असेल. येतंच. कुणी तुला इशारा दिला नव्हता, पोरी. तुझ्याकडून काही सुटलं नाही."

तेव्हा मात्र ती मोकळेपणी रडली. मामंजीही रडले, कारण तो त्यांचा मुलगा होता आणि त्यांनाही चार वर्षांत त्याच्याबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं.

मग नाक पुसून ती उठली. घड्याळामागचा कागद काढून तिने सही केली आणि दवाखान्याला हो म्हणून कळवलं. मग वही मामंजींपुढे ठेवली. "फुगा सोडून दहा ओळी. करा सह्या. 'कोणी ओळखली'त तुमचं नाव."

मामंजींनी निमूटपणे दहा सह्या ठोकल्या. चौऱ्याण्णवाव्या ओळीकडे पेन नेलं तेव्हा तिने हात धरला. "ही नाही. खोटी मागणी. नामंजूर."

गुरुवारी मामंजी दवाखान्यात दाखल झाले. शुक्रवारी सकाळी लवकरच दवाखान्याची माणसं खोलीत आली आणि मामंजींना पलंगासकट घेऊन गेली. ती ऑपरेशनच्या खोलीच्या मोठ्या दारापर्यंत बरोबर चालली. दार बंद झालं. तिथे बसायला जागा नव्हती, म्हणून ती पिशवी घ्यायला खोलीत परतली.

पलंगाच्या जागी मोकळी फरशी होती. खिडकीजवळ पाहुण्यांची खुर्ची होती. नर्सने शेवटच्या क्षणी काढून ठेवलेला चष्मा त्या खुर्चीच्या बैठकीवर होता, घडी घालून. सकाळपासून पाणी बंद होतं, म्हणून स्टुलावरचा काचेचा पेला कुणीतरी पालथा घालून ठेवला होता. खिडकीतून सकाळचा उजेड येत होता.

ती दारातच उभी राहिली. या वेळी कप नव्हता. या वेळी सगळ्या खुणा जुळत होत्या, चिठ्ठीतलीसुद्धा.

दवाखान्याच्या दर खोलीत खुर्ची असते, ती स्वतःशी म्हणाली. दर खोलीत पालथा पेला असतो. चष्मा कुठेतरी ठेवावाच लागतो. ही काळी छत्री आहे. पण ते तिला पुरतं पटेना, आणि खोटं कशाला बोला, पटण्यासारखं नव्हतंही. आत झडप उघडलेली होती आणि आता कागद परत घेता येणार नव्हता. वहीला काय माहीत होतं आणि काय नव्हतं, हे तिला कधीच कळणार नव्हतं.

मग ती पुढे गेली. तिने चष्मा उचलला, पेला सुलटा केला, आणि त्या खुर्चीवर स्वतः बसली.

पाच तास ती तिथून हलली नाही. झाडणाऱ्या मावशीने दोनदा उठायला सांगितलं, तर तिने नुसते पाय वर घेतले.

ऑपरेशन पार पडल्याचं दुपारी कळलं, पण मामंजी नीट शुद्धीवर आले ते दुसऱ्या दिवशी. नाकात नळी, हाताला सुया, ओठ कोरडे. त्यांनी डोळे किलकिले केले, चाचपडले आणि घोगऱ्या आवाजात पहिला शब्द बोलले, "चष्मा."

तिने पिशवीतून चष्मा काढला. रडायचं नव्हतं, म्हणून ती म्हणाली, "आधी खूण सांगा."

नर्सने डोळे वटारले. मामंजींच्या ओठांचा कोपरा हलला. "डाव्या काडीला दोरा."

"ते सगळ्यांना दिसतं. वहीतही आहे."

मामंजींनी डोळे मिटले. झोपले की काय, असं तिला वाटलं. मग ते अगदी हळू म्हणाले, "उजव्या काडीचं टोक बघ. दातांच्या खुणा आहेत. माझ्या नव्हेत. तुझी सासू माझाच चष्मा घालून पेपर वाचायची, आणि वाचून झाला की काडी चावत विचार करीत बसायची. कितीदा ओरडलो. ऐकलंच नाही."

तिने चष्मा उजेडात धरला. किती वर्षं ती हा चष्मा पदराने पुसून देत होती. उजव्या काडीच्या टोकावर बारीक बारीक चार खळगे होते. तिने त्यांवरून अंगठा फिरवला. ते कुठल्याच वहीत नव्हते.

तिने चष्मा उघडून त्यांच्या डोळ्यांवर चढवला, नळीला धक्का न लावता. मामंजींनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"रडतेस कशाला?" ते म्हणाले. "वस्तू मिळाली ना मालकाला?"

"मिळाली," ती म्हणाली आणि त्यांचा हात घट्ट धरून ठेवला.